२७.४ मिली

अकरावीच्या प्रॅक्टिकलची बॅच होती. मॅग्नेशियमची फीत, डायल्यूट एचसीएल म्हणजे पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि निघालेला हायड्रोजन पाण्यावर नळीत गोळा करायचा. मीटरभर फितीचं वजन ०.९७२ ग्रॅम भरलं, म्हणजे अडीच सेंटिमीटरचा तुकडा २४.३ मिलिग्रॅमचा, एक मिलिमोल. मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं एकक, मिलिमोल त्याचा हजारावा भाग. एका मोल मॅग्नेशियममागे एक मोल हायड्रोजन निघतो. पुस्तकाप्रमाणे २२.४ मिली.

तासाभरात जर्नलं टेबलावर आली. २२.४, २२.३, २२.५. एका मुलीनं मात्र २७.४ लिहिलं होतं. "मॅडम, तीनदा केलं. तेवढंच येतंय."

"कुठेतरी गळत असेल गं," मी सवयीनं बोलून गेले.

"गळलं असतं तर कमी आलं असतं ना?"

खरंच होतं ते. चौथ्यांदा आम्ही दोघींनी मिळून केलं. तांब्याच्या तारेत गुंडाळलेली फीत नळीच्या तोंडाशी अडकवली, नळी पाण्यात उलटी केली. आम्ल सावकाश खाली उतरलं आणि फितीभोवती बारीक बुडबुड्यांची झुंबड उडाली. फीत विरघळल्यावर नळी निवू दिली, मग उंच जारमध्ये आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत आणलं. २७.४.

मग फळ्यापाशी गेलो. २२.४ हा आकडा शून्य अंश सेल्सियस आणि एक वातावरण दाबाचा. आमचं पाणी २७ अंशांवर होतं. नळीत हायड्रोजनबरोबर पाण्याची वाफही होती, तिचा दाब ३६ हेक्टोपास्कल. हवेचा दाब मुलीनं मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये पाहिला, १०१०. गणित केलं, उत्तर २५.६. जवळजवळ दोन मिली जास्तीचे अजूनही कुठून येत होते ते कळेना.

उलगडा व्हायला वेळ लागला. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर, आणि अ‍ॅप दाखवतं तो दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर निघाला. ९५०. पुन्हा गणित मांडलं, २७.३.

वायूंच्या आकारमानाबद्दलचा १८०८ चा गे-ल्युसॅकचा नियम असो की १८११ चा अ‍ॅव्होगाड्रोचा, "तापमान व दाब समान असताना" हे शब्द मुलं एका दमात म्हणून टाकतात. त्या दुपारी मला ते शब्द पहिल्यांदा नळीत दिसले. आणि वाईट याचं वाटलं, की इतकी वर्षं मी २२.४ वर सह्या करत आले. आमच्या प्रयोगशाळेत, त्या फितीतून, तो आकडा नळीवर वाचता येणं शक्यच नव्हतं. मुलांनी तो लिहिला, कारण त्यांना वाटलं मला तोच हवा आहे.

मी सगळी जर्नलं परत दिली. प्रयोगशाळेतले मामा नळ्या धुवायला घेणार होते, त्यांना थांबवलं. सहा वाजेपर्यंत मुलं थांबली. २७.१, २७.६, २६.८, २७.३.