बोरेगोची मोकळी दुपार

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या बोरेगो स्प्रिंग्जला आरामासाठी जाऊन दमून परतलेल्या कुटुंबांचा बेत पाहिला, तर त्यात बहुतेक वेळा एकाच दिवशी दोन ट्रेल असतात. सकाळी पाम कॅन्यन, दुपारी स्लॉट नावाची घळ, जमलंच तर संध्याकाळी फॉन्ट्स पॉइंट. कागदावर हे सगळं सहज बसतं, कारण अंतरं लहान आहेत. पण वाळवंटात खरी दमवते ती दुपार. म्हणून बेताची पहिली ओळ अशी लिहा: रोज एकच ट्रेल, तोही सकाळी, आणि साडेअकराच्या आत खोलीवर परत. तिथून साडेतीनपर्यंत काहीही ठरवायचं नाही. मुलं पोहतील, मोठी माणसं झोपतील, पत्ते निघतील. सुट्टी म्हणतात ती हीच, आणि ती दोन रात्री राहिल्याशिवाय मिळत नाही. एका रात्रीत नुसती धावपळ होते.

सॅन डिएगो काउंटीतलं हे छोटं गाव अँझा-बोरेगो डेझर्ट स्टेट पार्कच्या मधोमध आहे. पार्क 6 लाख एकरांहून मोठं, कॅलिफोर्नियातलं सर्वांत मोठं स्टेट पार्क. नावातला अँझा म्हणजे 1774 मध्ये इथून वाट काढणारा स्पॅनिश अधिकारी, आणि बोरेगो म्हणजे मेंढरू. इथल्या कड्यांवर आजही रानमेंढ्या आहेत. गावात ट्रॅफिक सिग्नल नाही. ख्रिसमस सर्कल नावाचा एक गोल चौक आहे आणि त्याच्या आजूबाजूला दुकानं. सॅन डिएगोहून दोन तास, लॉस एंजलिस किंवा अर्वाइनकडून अडीच-तीन तास. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना शुक्रवारी दुपारी निघून रात्रीच्या जेवणाला पोचता येतं.

काळ नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत दुपार 70 अंश फॅरनहाइटच्या आसपास आणि पहाट 45 च्या जवळ असते, म्हणजे स्वेटर घालून निघायचं आणि तासाभरात तो कमरेला बांधायचा. जुलैत पारा 105 च्या वर जातो, तेव्हा चालायला जाणं धोक्याचं आहे. भारतातून येणारे आजी-आजोबा बरेचदा उन्हाळ्यात येतात. त्यांना बोरेगो दाखवायचं असेल तर तिकीटच हिवाळ्याचं काढा. फेब्रुवारीअखेर ते मार्च हा फुलांचा मोसम, पण फुलं आधीच्या पावसावर अवलंबून असतात. 2017 आणि 2019 मध्ये जमीन रंगांनी झाकून गेली होती, आणि तेव्हा गर्दीही तशीच लोटली होती. लहान मुलं बरोबर असतील तर फुलांच्या मागे न लागता जानेवारी निवडावा, खोल्याही सहज मिळतात.

आठवडा ठरला की तारीख चंद्र पाहून पक्की करा. ते का, हे पुढे येईलच.

येताना घाट लागतो. पश्चिमेकडून एस-22 या रस्त्याने आलात तर रांचिटापासून गावापर्यंत रस्ता 3,000 फुटांहून जास्त उतरतो, नुसती वळणं. ज्युलियनमार्गे आलात तर बॅनर ग्रेडची उतरण. ज्युलियन सुमारे 4,200 फुटांवर आहे आणि ॲपल पाय या सफरचंदाच्या गोड पदार्थासाठी प्रसिद्ध. तिथे थांबून मुलांना ॲपल पाय खाऊ घालायचा आणि लगेच घाट उतरायचा, हा उलटीला आमंत्रण देणारा क्रम आहे. ॲपल पाय बांधून घ्या आणि खोलीवर चहाबरोबर खा. ज्याला गाडी फारच लागते त्याच्यासाठी पूर्वेकडून, सॉल्टन सी सरोवराच्या बाजूने येणारा एस-22 बरा, वळणं खूप कमी. थंडीत ज्युलियनला बर्फ पडतो, तेव्हा निघण्याआधी रस्त्याची स्थिती तपासा. टाकी घाटाच्या आधीच भरून घ्यावी.

आता पहिल्या सकाळचा ट्रेल. तो बोरेगो पाम कॅन्यनच असावा. जाऊन-येऊन साधारण 3 मैल, चढ सुमारे 450 फूट. सुरुवात कॅम्पग्राउंडच्या टोकाला होते आणि गाडीसाठी दिवसाचं शुल्क भरावं लागतं. सात-साडेसातला चालायला लागलात तर मुलांच्या वेगाने तीन तासांत परत येता. वाट आधी वाळूची, मग दगडांची, शेवटच्या भागात थोडं दगडावरून दगडावर पाय टाकत जावं लागतं. तोवर सगळं कोरडं आणि तपकिरी असतं, आणि एका वळणावर अचानक पंख्यासारख्या पानांच्या उंच ताडांचं हिरवं बेट दिसतं. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा, कुणी न लावलेला असा ताड हा एकच.

या बेटावर दोनदा संकट आलं. 2004 च्या सप्टेंबरमध्ये अचानक आलेल्या पुराने कित्येक ताड मुळांसकट उपटून खाली कॅम्पग्राउंडपर्यंत वाहून नेले. दरीच्या तोंडाशी आडवेतिडवे पडलेले मोठे धोंडे पाहिले की पाण्याच्या ताकदीचा अंदाज येतो. मग 2020 च्या जानेवारीत आग लागली. काळवंडलेली खोडं मुलांना जरूर दाखवा आणि ती जिवंत कशी राहतात तेही सांगा. वड-आंब्यासारख्या झाडांचा जिवंत थर सालीच्या लगेच आत असतो, तो भाजला की झाड जातं. ताडाच्या रसवाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात आणि वाढीचा कोंब शेंड्यात, पानांच्या गाभ्यात लपलेला असतो. म्हणून बाहेरून कोळसा झालेला ताड पुन्हा हिरवा होऊ शकतो.

रानमेंढ्या दिसायच्या असतील तर डोळ्यांआधी कान वापरा. त्यांचा रंग दगडासारखाच आहे. वरून खडा घरंगळल्याचा आवाज आला की थांबायचं आणि उतारावर हळूहळू नजर फिरवायची. इथल्या मेंढ्या 1998 पासून संकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादीत आहेत. त्या पाण्यावर उतरत असतील तर वाट अडवायची नाही, जवळ जायचं नाही. कुत्र्याला पार्कच्या ट्रेलवर परवानगी नाही, तेव्हा त्याची सोय घरीच करून या.

पाण्याचा हिशेब आदल्या रात्री करायचा. तीन तासांच्या या चालीसाठी मोठ्या माणसाला 2 लिटर, सहा ते दहा वर्षांच्या मुलाला सव्वा ते दीड लिटर. चौघांचे साधारण 7 लिटर म्हणजे 7 किलो. दोघा मोठ्यांनी अडीच-अडीच किलो घ्यायचे, बाकीचं मुलांच्या पाठीवर. शिवाय गाडीत एक गॅलनचा कॅन वेगळा ठेवायचा. नळी असलेल्या पिशवीत किती उरलं ते कळत नाही, म्हणून मुलांना पारदर्शक बाटलीच द्या. अर्धं पाणी संपलं की, बेट दिसत असलं तरी, मागे फिरायचं. हे निघण्याआधीच मुलांना सांगून ठेवलं की वाटेत रडारड होत नाही.

कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, लगेच उडून जातो. त्यामुळे तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो आणि दुपारी डोकं धरतं. दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी चार घोट प्यायचे, तहान असो वा नसो. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ लागतं. इथे आपला डबा फार कामाचा: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी, भडंग, शेंगदाण्याची चिक्की. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. केळी पाठीवर चेपतात आणि चॉकलेट वितळतं, दोन्ही खोलीवरच ठेवा. संत्री उत्तम, पण सालं पिशवीत परत आणायची. वाळवंटात साल कुजत नाही, महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. गोड पाण्याच्या बाटलीचं झाकण लगेच लावा, कोरड्या दिवसांत मधमाश्या ओलाव्याच्या शोधात असतात.

पायात बंद बूट आणि पूर्ण पँट. रबरी चपला किंवा सँडल नकोत, कारण चोया. टेडी बेअर चोया नावाचं निवडुंग लांबून मऊ, केसाळ दिसतं आणि लहान मुलांचा हात नेमका तिकडे जातो. त्याची कांडी जराशा धक्क्याने सुटतात, कारण बहुतेक वेळा पडलेल्या कांड्याला मूळ फुटूनच नवं झाड होतं. लोक म्हणतात ते उडी मारतं, पण खरं तर निसटता स्पर्शही त्याला पुरतो. काट्यांवर उलटे सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे काटा सहज शिरतो आणि ओढताना अडकतो. बोटांनी ओढायला गेलात की दुसरा हातही अडकला. प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात रुंद दातांचा कंगवा हवा. दात त्वचा आणि कांड्याच्या मधे सरकवायचे, समोर कोणी नाही ना पाहायचं, आणि एका झटक्यात कांडं दूर उडवायचं. उरलेले काटे चिमट्याने, ज्या दिशेने शिरले त्याच रेषेत सरळ उपटायचे. मार्चपासून ऊब वाढली की रॅटलस्नेकही बाहेर पडतात. दगडाखाली हात घालायचा नाही, एवढं मुलांकडून वदवून घ्या.

दुसऱ्या सकाळी स्लॉट. मातीच्या ठिसूळ खडकात पाण्याने कोरलेली ही चिंचोळी घळ मुलांना सगळ्यात जास्त आवडते. हायवे 78 वरून ब्यूट्स पास रोड नावाच्या कच्च्या रस्त्याने दोनेक मैल आत जायचं. कोरड्या दिवसांत साधी गाडी बहुतेकदा जाते, हळू चालवावी लागते. पार्किंगचे पैसे लागतात, आणि शनिवार-रविवारी नऊनंतर जागेची मारामार असते. काही ठिकाणी मोठ्या माणसाला आडवं होऊन सरकावं लागतं, म्हणून बाळाला पाठीवर घ्यायची लोखंडी चौकटीची झोळी तिथे अडकते. कापडी झोळी पुढे बांधा. आत जितके गेलात तितकेच मागे या. गोल फेरी मारायच्या नादात जीपच्या वाटेवरचा खडा चढ उन्हात चढावा लागतो. आणि आकाश इथे निरभ्र असलं तरी पश्चिमेच्या डोंगरावर पाऊस असेल तर घळीत शिरूच नका, पाणी तिथूनच येतं.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी व्हिजिटर सेंटर आहे. इमारत अर्धी जमिनीत, छपरावर माती, भोवती वाळवंटी झाडांची बाग आणि पपफिश या चिमुकल्या माशांचं तळं. तिथून कॅम्पग्राउंडपर्यंतची सपाट वाट चाकाच्या खुर्चीलाही चालते. ट्रेल उघडे आहेत का, कुठला रस्ता वाहून गेला, हे पहिल्या दिवशीच तिथे विचारून घ्या. फोनची रेंज गावाबाहेर भरवशाची नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

फॉन्ट्स पॉइंटवरून दिसणारं दऱ्याखोऱ्यांचं दृश्य थोर आहे, पण तिथला चार मैलांचा रस्ता म्हणजे कोरड्या ओढ्याची मऊ वाळू. फोर-व्हील ड्राइव्ह नसेल तर सोडून द्या. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा, स्लॉटसाठीसुद्धा.

राहायला स्वयंपाकघर आणि पोहण्याचा तलाव असलेली जागा घ्या. गावात किराणा मिळतो, पण आडवारी सगळ्या खानावळी उघड्या असतीलच असं नाही. तांदूळ, बेसन, मेतकूट, पोहे घरून नेले की दुपारी पिठलं-भात वीस मिनिटांत होतो आणि कोणाला पुन्हा गाडीत बसावं लागत नाही.

साडेतीननंतर ऊन कललं की गाडीतूनच रिकार्डो ब्रेसेडा यांची लोखंडी शिल्पं पाहायला निघा. गावाभोवतीच्या मोकळ्या माळावर हत्ती, घोडे, डायनोसॉर असे शंभराहून जास्त पुतळे आहेत. त्यातला 350 फुटी नाग रस्त्याखालून बुडून पलीकडे वर आल्यासारखा दिसतो. तिरप्या उन्हात लांब सावल्या पडतात, फोटो तेव्हाच काढावेत. गाडी कडक जमिनीवर उभी करून पुतळ्यापर्यंत चालत जा, चाकं रुततात ती इथेच.

आणि रात्र. बोरेगो स्प्रिंग्जला 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय समुदायाचा, म्हणजे रात्रीचं अंधारं आकाश जपणाऱ्या गावाचा मान मिळाला, जगात ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफनंतर दुसरा. गावातले दिवे मंद आणि खाली तोंड केलेले असतात. अमावस्येच्या आसपासचे दिवस उत्तम, दिवाळीच्या लगतचा शनिवार-रविवार त्यात आपोआप बसतो. पण मुलं लहान असतील तर आमची पसंती संकष्टीला. हिवाळ्यात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि संकष्टीचा चंद्र साधारण आठ-नऊला उगवतो, म्हणजे जेवणानंतर दोनेक तास पुरा अंधार मिळतो. तिथी इथे एखादा दिवस मागेपुढे होते, म्हणून चंद्रोदयाची वेळ बोरेगोची पाहा. सतरंजी, दोन गोधड्या, कानटोप्या, थर्मासमध्ये हळद घातलेलं दूध. बॅटरीवर लाल कागद गुंडाळा आणि फोन आत ठेवून या. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पडद्याच्या एका उजेडाने ती मोडते. जानेवारीत आठला कृत्तिका आणि रोहिणी डोक्यावर असतात, मृग आग्नेयेला चढलेला, त्याच्या मागोमाग व्याध. उपास असलेल्यांचं ताट झाकून ठेवलेलं असतंच. पूर्वेच्या डोंगरामागे उजेड पसरायला लागला की मुलांना उचलून आत न्या.