आंबट

मे महिन्यात वीस दिवस गावी राहून घोडबंदर रोडच्या घरी परतलो, तर ग्रिलमधली बाग आटोपलेली. तुळशीच्या काड्या, मोगरा गेलेला. श्रीखंडाच्या जुन्या डब्यातली पानफुटी तेवढी टुकटुकीत. वर पानांच्या कडेला चार पिल्लंही लटकवलेली.

शाळेत हिचं पान भूगोलाच्या वहीत ठेवायचो. माती नाही, पाणी नाही, तरी आठवड्याभरात खाचांतून मुळं फुटायची. त्याच वहीत मोरपीस असायचं, त्याला पेन्सिलीचा कीस खायला. त्याला कधीच पिल्लं झाली नाहीत.

कळव्याला चाळीत शेजारचे अण्णा मुतखड्यावर रोज सकाळी अनशापोटी हिची दोन पानं चावत आणि एक डोळा मिटून म्हणत, "आंबटढाण!" आम्ही पोरं दुपारी चोरून चावायचो, तर नुसता पाणचट पाला. अण्णा नाटकी आहेत, असं आमचं ठरलं.

अण्णा खरं बोलत होते. पानफुटी मूळची मादागास्करची, पण रीत वाळवंटातल्या निवडुंगांची. उन्हात पानांवरची बारीक रंध्रं उघडली तर असेल नसेल ते पाणी उडून जाणार. म्हणून ती रात्री उघडायची, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्ल करून साठवायचा, आणि दिवसा दारं लावून उन्हाच्या जोरावर त्याचं अन्न रांधायचं. दुपारपर्यंत आम्ल संपतं. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात हीच पानं चावून १८१३ च्या पत्रात कळवलं होतं: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे कडवट. त्याला मुतखडा होता की नुसतीच हौस, कोण जाणे.

चाळीत नळ रात्री तीनला यायचा. आई उठून पिंप, कळशा, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायची. मग दिवसभर पिंपावर झाकण, झाकणावर पाटा. सकाळी तिच्याशी बोलायला बाबाही धजत नसत. दुपारी जेवणं उरकली, की हळूहळू निवळायची.

आत्ता चार वाजलेत. एक पान तोडून चावलं. काहीच लागलं नाही. उद्या सकाळी बघू. सोसायटीत टँकर सातला येतो, त्याच्या पंपाने जाग येतेच.