सातवा आठवडा: धावणं बंद, सायकल चालू

आज सकाळी नडगी पुन्हा दाबून पाहिली. उजव्या पायाची, आतल्या कडेला, घोट्यापासून वीतभर वर. सहा आठवड्यांपूर्वी तिथे बोटाच्या पेराएवढी जागा अशी होती की अंगठा नुसता टेकला तरी पाय झटकन मागे यायचा. आज जोर देऊन दाबलं, तरी काही नाही. एका पायावर उडी मारून बघायचा मोह झाला, पण ती पुढच्या तपासणीनंतरच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर (पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने आलेली बारीक चीर), सहा ते आठ आठवडे धावणं पूर्ण बंद. चालताना दुखणं थांबल्यावर सायकलला परवानगी मिळाली, कारण शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं आणि पाय जमिनीवर आपटत नाही. माझ्या दुखापतीला हे चाललं. गुडघ्याची वाटी, टाचेची शीर किंवा खुब्याचं हाड दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिली चूक सीटची. घरातली सायकल आहे तशी काढली आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला टोचायला लागलं. एक दुखापत सांभाळताना दुसरी ओढवून घेतली की काय, या विचाराने रात्रभर झोप नाही. सीट खाली होती, एवढंच. भिंतीला टेकून बसले, टाच पेडलवर ठेवली आणि पेडल अगदी खाली नेलं. तेव्हा पाय सरळ व्हायला हवा होता, माझा चांगलाच वाकलेला होता. सीट दीड सेंटिमीटर वर घेतली, नळीवर चिकटपट्टीची खूण केली. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासाच बाक उरतो. आठवडाभरात टोचणं गेलं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडली. सुरुवातीला मी जड गिअर लावून दाबत होते. मांड्या पेटायच्या, पण दम लागायचा नाही. व्यायाम झाल्यासारखं वाटायचं आणि नाहीही. मग एकदा धावण्याच्या जुन्या नोंदी चाळताना दिसलं, माझी पावलं मिनिटाला १७६ च्या आसपास पडतात. सायकलवर एका फेऱ्यात दोन पायांचे दोन दाब, म्हणजे मिनिटाला ८८ फेरे मारले की पायांची लय तीच. दोन गिअर हलके केले आणि उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजलं: १५ सेकंदांत २२. पहिली दहा मिनिटं बूड सीटवर उडत होतं. मग खांदे सैल सोडले, पेडल खाली ढकलण्याऐवजी गोल फिरवायला लागले आणि श्वास आपोआप धावताना असतो तसा बसला. दुखापतीनंतर त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला धावणारी वाटले.

हार्ट रेटच्या बाबतीत मात्र धावण्याचे आकडे सायकलला लावू नका. आरामात धावताना माझे ठोके १४० च्या आसपास असतात. सायकलवर तितक्याच मेहनतीला १३०-१३२. वरच्या अंगाला काम कमी आणि वजन सीटवर, त्यामुळे बहुतेकांचे ठोके काहीसे कमीच राहतात. मी दोन आठवडे हट्टाने १४० गाठत राहिले आणि प्रत्येक हलकी राइड मध्यम-कठीण करून टाकली. आता सोपं म्हणजे पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकंच. किलोमीटरही मोजत नाही. उतारावर पाय न हलवता झालेलं अंतर कुठल्या हिशोबात धरायचं? वेळ मोजते. पूर्वी आठवड्याला साधारण पाच तास धावणं होतं, आता सहा तास सायकल आहे.

मंगळवारी ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं हळू, असं पाच वेळा. शुक्रवारी २० मिनिटांचे दोन टेम्पो, म्हणजे जरा कठीण पण टिकवता येईल असा एकसारखा जोर. रविवारी अडीच तास निवांत. पहिले दोन घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड), कारण रस्त्यावर सलग २० मिनिटं एक जोर धरता येत नाही. ट्रेनरवर पंखा हवाच. अंगावर वारा नसला की जोर तोच राहून ४० मिनिटांत माझे ठोके १३८ वरून १५० वर गेले. समोर पंखा लावला तेव्हा तसं झालं नाही.

पण सायकल जे देत नाही त्याची मला खरी काळजी आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो आणि हाड तो भार झेलूनच मजबूत होतं. सायकलवर तो जवळजवळ नाहीच. म्हणजे दम तयार असेल आणि नडगी नसेल. फिजिओच्या सांगण्यावरून टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू आहे, दोन्ही पायांवर १५ चे तीन संच, या आठवड्यापासून एका पायावर. शिवाय बसून बसून जांघेपुढचे स्नायू आखडतात, म्हणून राइडनंतर ते ताणायचे आणि पाठीवर झोपून कंबर उचलायची.

एक गोष्ट कळकळीने सांगते, विशेषतः मैत्रिणींना. धावणं नाही म्हणून जेवण कमी करू नका. मी पहिले दहा दिवस केलं होतं. हाड भरून यायलाही अन्न लागतं. आता पोटभर जेवते आणि लांब राइडला सोबत खायला नेते.

तपासणीत होकार मिळाला तर आधी अर्धा तास भरभर चालणं. ते न दुखता जमलं की १ मिनिट धावणं, ४ मिनिटं चालणं, सहा वेळा, एक दिवसाआड. मधल्या दिवशी सायकल. दुसऱ्या दिवशी सकाळी हाडावर दुखलं तर एक पायरी मागे. त्या सहा मिनिटांत दम मुळीच लागणार नाही आणि तरी थांबायचं, याची तयारी आत्तापासून करते आहे.

आजची नोंद: १ तास २० मिनिटं, सरासरी केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ८९, ठोके १३१. उतरल्यावर नडगी शांत. तपासणी बुधवारी.