ताशाचा आवाज आणि आमचे चिरंजीव

पावसाळा स्थिरावला की पुण्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात आणि नारायण पेठेतल्या आमच्या घराचे संध्याकाळचे वेळापत्रक बदलते. आमचा पाच वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. ढोलाच्या ठोक्याचे त्याला फारसे काही वाटत नाही, पण ताशाची तर्री, म्हणजे सलग कडकडाट, सुरू झाली की तो दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबतो, कोपरे छातीशी आवळतो आणि पलंग व कपाट यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतो. गंमत म्हणजे, हाच मुलगा चटणी वाटताना मिक्सरला कान लावून उभा राहतो! मिक्सरचे बटण त्याच्या हाताशी असते, ताशाचे नसते, असा मी त्याचा अर्थ लावला आहे.

बोलणे उशिरा येणे आणि नजर न देणे म्हणजेच स्वमग्नता, अशी अनेकांची समजूत असते. आवाज, स्पर्श, प्रकाश यांची अतितीव्र किंवा अतिक्षीण जाणीव हाही निदानाच्या निकषांपैकी एक आहे, आणि अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो २०१३ च्या आवृत्तीपासून नमूद झाला आहे. पुन्हा पुन्हा येणारा आवाज आपला मेंदू हळूहळू मागे टाकतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना ते सहज साधत नाही. त्यामुळे सासूबाई जेव्हा म्हणतात, "अगं, पुण्यातलं पोर ते, होईल सवय," तेव्हा त्यांची माया कळत असूनही मी मान डोलावत नाही.

लक्ष्मी रस्त्यावर एकदा अचानक पथक समोर आले आणि तो रस्त्यातच आडवा झाला, तेव्हा एका गृहस्थांनी "दोन धपाटे द्या, सरळ होईल" असा सल्ला दिला. हट्ट करणारे मूल रडता रडता आई बघते आहे ना, याचा अंदाज घेत असते आणि हवे ते मिळाले की थांबते. आमच्या मुलाला त्या क्षणी मीसुद्धा दिसत नव्हते, आणि पथक पुढच्या चौकात गेल्यावरही तो बराच वेळ थरथरत होता. अशा वेळी समजावणे, ओरडणे, आमिष दाखवणे यांतले काहीही पोहोचत नाही; आवाजापासून दूर नेणे आणि गप्प राहणे एवढेच हाती असते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वाद्यांवर बंधन आहे, पण संध्याकाळी सातच्या सरावाला त्याचा काय उपयोग? शिवाय मला उत्सव बंद पाडायचा नाही. माझे यजमान स्वतः कित्येक वर्षे पथकात ढोल वाजवत होते. आम्हाला उपयोग झाला तो आधी कळण्याचा. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही भिंतीवर संध्याकाळची चित्रे लावतो: दूध, ताशा, कानांवरचे इअरमफ, मग आंघोळ. ताशाच्या चित्रानंतर काहीतरी आहे, हे दिसले की त्याची भीती निम्मी होते. इअरमफ मात्र तेवढ्यापुरतेच घालायचे. दिवसभर घातले तर साधे आवाजही टोचू लागण्याची शक्यता असते.

घरच्या आरतीत आम्ही झांज वाजवत नाही, टाळ्याही हलक्या. दूर्वांची जुडी करण्याचे काम त्याच्याकडे असते. एकवीस दूर्वा तो लांबीप्रमाणे पाटावर मांडतो आणि एखादी कोणी हलवली तर पहिल्यापासून सुरुवात करतो, म्हणून आरती कधी कधी लांबते. गुरुजींनाही आता ते ठाऊक झाले आहे.

गेल्या वर्षी जवळच्या पथकाच्या प्रमुखाला मी सरावाच्या वेळा विचारल्या. "काकू, आधी सांगायचं ना," म्हणत त्याने मला त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातच घेतले. वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकणे हे पथकांच्या रक्तातच असल्यामुळे चित्रांचा क्रम अधूनमधून कोलमडतो, पण हल्ली तो पथकप्रमुख न विसरता "आज उशीर होईल" एवढे कळवतो, आणि मग मी दुधाच्या आणि ताशाच्या चित्रांमध्ये आणखी एक चित्र डकवते.