लॉग स्केल लागेना आणि एक्सेल गप्प

आमच्या लॅबमध्ये मातीची सिव्ह ॲनालिसिस, म्हणजे माती चाळण्यांतून चाळून कणांचे आकार बघणं, रोजचीच, आणि ग्राफ सेमी-लॉगच लागतो, म्हणजे चाळणीच्या साइजचा आडवा ॲक्सिस दहाच्या पटीत वाढणारा, कारण साध्या स्केलवर ४.७५ एमएमच्या शेजारी ४२५ मायक्रॉन आणि ७५ मायक्रॉन टाकले की बारीक चाळण्या सगळ्या एका कोपऱ्यात चेंगरून बसतात. त्यासाठी एक्सेलमध्ये एक मॅक्रो (आपोआप चालणारा छोटा कोड) आहे, कुणी लिहिलाय देव जाणे. परवा दुसऱ्या टेम्प्लेटवर चालवला तर असा काही ग्राफ आला की साहेब म्हणाले, ही माती आहे की जिना?

एरर मात्र काहीच नाही! कोड उघडला तर सुरुवातीलाच ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. म्हणजे काहीही फुटलं तरी गपचूप पुढे चला. ती ओळ उडवली आणि लगेच १००४ नंबरचा एरर आला, बरोबर स्केलटाइपच्या, म्हणजे ॲक्सिस लॉग करणाऱ्या ओळीवर. मी अर्धा तास डेटा चिवडत बसलो, पण भानगड चार्टमध्येच होती, टेम्प्लेटमध्ये कुणीतरी लाइन चार्ट ठेवलेला. त्याच्या आडव्या ॲक्सिसला ४.७५ हा आकडा नाहीच, नुसती पाटी आहे, म्हणून सगळे पॉइंट सारख्या अंतरावर, मग लॉग लावणार कशाला? एक्सवाय स्कॅटर केला, म्हणजे आडव्या ॲक्सिसवरही खरे आकडे घेणारा चार्ट, आणि लॉग लागला.

मग दुसरं नाटक. वॉर्निंग, की शून्य किंवा निगेटिव्ह आकडे लॉगवर बसत नाहीत. चाळणी निगेटिव्ह कशी असेल म्हणून बघतो तर तळाला पॅनची, म्हणजे चाळण्यांखालच्या ताटाची ओळ! पॅनला भोकंच नाहीत म्हणून साइज ० टाकलेली. इथे मी शहाणपणा केला, इफचा फॉर्म्युला लावून शून्याच्या जागी रिकामे डबल कोट्स टाकले. वॉर्निंग गेली, पण एक्सवर, म्हणजे आडव्या ॲक्सिसवर, १, २, ३, ४! कारण तो सेल दिसायला कोरा असला तरी आत टेक्स्ट असतं, आणि स्कॅटरच्या एक्समध्ये एक जरी टेक्स्ट घुसलं की एक्सेल सगळेच आकडे सोडून बालवाडीसारखं एक-दोन-तीन मोजायला लागतं.

पॅनचं वजन टेबलात हवंच, नाहीतर बेरीज जुळणार नाही, पण ग्राफला त्याचं काय काम? रेंज ७५ मायक्रॉनच्या ओळीवर तोडली, ॲक्सिसचं मिनिमम ०.०१ आणि मॅक्झिमम १० एमएम कोडमध्येच फिक्स केलं, आता कर्व्ह बरोबर येतोय.

फक्त ते लाइन चार्टवालं टेम्प्लेट कधीपासून फिरतंय आणि त्यावर किती रिपोर्ट गेलेत, ते बघायचा अजून धीर होत नाहीये.