लोकरीची ढाल

सोमवार, रात्र

भाच्याला वाढदिवसाला काय द्यायचं हे या वेळी त्यानेच ठरवून टाकलंय, फक्त ते त्याला माहीत नाही. सध्या त्याच्या हाती लागलेली प्रत्येक गोल वस्तू ढाल होते. ताटली, पातेल्यावरचं झाकण, एकदा तर भिंतीवरचं घड्याळ. कॅप्टन अमेरिका सोडून दुसरं कुणी त्याच्या जगात नाही. तर ठरलं, क्रोशाने ढालीचं पांघरूण विणायचं. अख्खं गोल, दीड मीटर व्यासाचं.

सुपरहिरोंची चिन्हं लोकरीत आणायची म्हटलं की बहुतेक वेळा चौकटीच्या कागदावर नक्षी काढा, टाके मोजा, दर चार टाक्यांनी रंग बदला, असला प्रकार असतो. वटवाघळाच्या पंखांची टोकं काढताना हातांपेक्षा डोळे जास्त शिणतात. ढालीला यातलं काही नाही. मधे निळं वर्तुळ, मग लाल कडं, मग पांढरं, पुन्हा लाल. क्रोशाची आवडती चालच ही, मध्यातून निघायचं आणि गोल गोल बाहेर जायचं.

गंमत म्हणजे ही ढाल आधी गोल नव्हतीच. मार्च १९४१ ची तारीख असलेल्या पहिल्या अंकात कॅप्टनच्या हातात खाली निमुळती होत जाणारी ढाल होती. दुसऱ्या एका प्रकाशकाच्या नायकाचं रूप तशाच आकाराच्या ढालीवर बेतलेलं होतं. त्यांनी तक्रार केली आणि दुसऱ्या अंकापासून कॅप्टनची ढाल गोल झाली. त्या प्रकाशकाचे आभार, नाहीतर मी आता कोपरे सांभाळत बसले असते.

मंगळवार

आज लोकर घ्यायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसले. चारही भाग सारख्याच रुंदीचे धरले, तर लोकर सारखी लागेल असं वरवर वाटतं. तसं होत नाही. मधल्या निळ्याचं क्षेत्रफळ १ धरलं, तर पहिलं लाल कडं ३, पांढरं ५ आणि बाहेरचं लाल ७. एकूण १६. म्हणजे निम्म्याहून जास्त पांघरूण लाल, आणि निळं जेमतेम सोळावा हिस्सा. किलोभर लोकरीत निळ्याचा १०० ग्रॅमचा एकच गुंडा पुरून उरणार, लाल मात्र सहाशे ग्रॅमच्या वर हवी.

लाल सगळी एकाच वेळी आणि एकाच लॉटची, म्हणजे एकत्र रंगवलेली, घेतली. लॉट बदलला की लालमधला फरक गुंड्यात दिसत नाही, विणल्यावर मात्र लांबूनही दिसतो. अ‍ॅक्रिलिकच घेतली. मुलाच्या पांघरुणाला धुण्याची चैन परवडली पाहिजे. तरी लाल धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात रात्रभर दाबून ठेवलाय. लालच्या शेजारी पांढरं येणार असेल तर ही परीक्षा आधीच घ्यावी.

बुधवार

कापड पांढरंच राहिलं. सुरुवात केली. सुई ५ मिलिमीटरची, टाका साधा खांब.

पहिल्या फेऱ्यात १२ खांब, आणि त्यापुढे दर फेऱ्याला १२ वाढवायचे. वाढवायचे म्हणजे ठरलेल्या ठिकाणी एकाच टाक्यात दोन खांब घालायचे. हे १२ येतात कुठून? वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते त्याच्या साधारण सव्वासहा पट परीघ वाढतो. खांब रुंदीच्या जवळजवळ दुप्पट उंच असतो, म्हणून सव्वासहाची दुप्पट, साधारण १२. मुका खांब, म्हणजे बुटका टाका, उंची-रुंदीला सारखा, त्याला ६ पुरतात. क्रोशाच्या पुस्तकांत हा आकडा नुसता सांगून मोकळे होतात. शाळेतला पाय (π) इथे सुईला येऊन लागतो हे कुणी सांगितलं असतं, तर तेव्हा मी त्याच्याकडे जरा प्रेमाने पाहिलं असतं.

वाढ कमी पडली की काठ आत वळतो आणि विणकामाची टोपी होते. जास्त झाली की काठाला झालरी पडतात. नमुना विणताना मुद्दाम जास्त वाढ घालून पाहिली, ठरावीक टाक्यांनंतर एक जादा, प्रत्येक फेऱ्यात, न थांबता. थोड्याच फेऱ्यांत तो तुकडा सपाट बसायलाच तयार होईना. कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये नेमकी हीच युक्ती वापरून अपास्तीय (हायपरबोलिक) प्रतलाची, म्हणजे झालरीसारख्या दुमडत जाणाऱ्या पृष्ठभागाची, प्रतिकृती क्रोशाने विणली. तोवर वर्गात कागदाच्या प्रतिकृती वापरत, आणि त्या हाताळताना फाटत. लोकरीची प्रतिकृती मुलांनी कितीही चुरगाळली तरी टिकते. माझी झालर मी कपाटावर ठेवलीय. ढालीला सपाटच राहायचंय.

शनिवार, दुपार

वाढीबद्दल आणखी एक. बाराच्या बारा वाढी दर फेऱ्याला एकावर एक आल्या, तर पाच-सहा फेऱ्यांनंतर वर्तुळाला कोपरे दिसायला लागतात, बारा बाजूंचे. म्हणून एका फेऱ्यात वाढ गटाच्या सुरुवातीला, पुढच्यात मधे, त्यापुढच्यात शेवटी अशी सरकवत नेतेय. मोजणीला थोडा ताप होतो, पण कोपऱ्यांची ढाल मला नको.

निळा भाग १५ फेऱ्यांचा. मधोमध चांदणी यायची. चांदणीला पाच टोकं आणि माझी वाढ बाराची, आणि १२ ला ५ ने भाग जात नाही. पण पंधराव्या फेऱ्याला १८० टाके येतात. दर ३६ टाक्यांवर एक खूण लावली की पाच टोकांच्या पाच दिशा तंतोतंत मिळतात, कोनमापक लागत नाही. फेरे १५ ठेवले ते यासाठीच. रंगीत मार्कर लावून निळ्या वर्तुळाकडे बराच वेळ बघत बसले. असला भागाकार जमला की दिवस चांगला जातो.

रविवार

भाचा आला होता. लपवायला वेळ मिळाला नाही. निळं वर्तुळ आणि त्याभोवती जेमतेम दोन फेरे लाल.

"आत्या, हे पायपुसणं आहे का?"

"हो."

"कुणासाठी?"

"ज्याचे पाय घाण असतात त्याच्यासाठी."

त्याने आपले तळवे उलटून बघितले आणि विषय संपवला.

चांदणी वेगळी विणून शेवटी शिवायची हे माझं आधीच ठरलं होतं, आज त्याचा दुसरा फायदा कळला, चांदणी नसल्याने त्याला ढाल ओळखूच आली नाही. दुसरी रीत अशी, की आधी चांदणी विणायची आणि तिच्या टोकांमधल्या खाचा निळ्याने भरून वर्तुळ करायचं. टोकाशी बुटके टाके, खाचेत उतरत जाल तसे उंच, अगदी चार-चार वेढ्यांचे. दिसतं सुंदर, जोडही दिसत नाही. पण लांब टाके ढिले पडतात, त्यांत लहान बोटं अडकतात, आणि सगळ्या पांघरुणाचा मध्यच नाजूक होऊन बसतो. शिवलेल्या चांदणीत मध्य दुहेरी होतो. ढालीचा मध्य जाडच असलेला बरा.

गुरुवार

पांढरं सुरू. रंग बदलताना आदल्या फेऱ्याच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या रंगाने काढायचा, म्हणजे सांध्याशी लाल ठिपका उरत नाही. अख्ख्या ढालीत रंग तीनदाच बदलतो, ही मोठीच सोय. पट्ट्यापट्ट्यांचं पांघरूण विणणाऱ्याला विचारा, विणण्याइतकाच वेळ धाग्यांची टोकं आत ओवण्यात जातो.

पांढऱ्याचा त्रास वेगळाच. लाल लोकरीचे बारीक तंतू हवेत असल्यासारखे येऊन बसतात. एक तंतू टाक्यात विणला गेला की चिमट्याने ओढला तरी निघत नाही, उलट लांबतो. म्हणून लालचे गुंडे पिशवीत बंद केलेत आणि मांडीवर जुनी पांढरी उशीची खोळ घेऊन बसतेय. हात सारखे धुतेय ते निराळंच.

मैत्रिणीने फोटो बघून विचारलं, तिच्या बहिणीच्या तान्ह्या बाळासाठी असंच एक करशील का. म्हटलं करेन, पण जमिनीवर अंथरायला. वर्षाच्या आतलं बाळ झोपतं तिथे सुटं पांघरूण ठेवू नये असं डॉक्टर सांगतात. हातची वस्तू असली म्हणून त्याला अपवाद नाही.

मंगळवार

तीस फेरे झाले तेव्हा घरच्यांनी "निम्मं झालं की" म्हणून कौतुक केलं होतं. एकूण फेरे ६०, म्हणून ते निम्मं. टाक्यांत मोजलं तर ६० फेऱ्यांचे २१,९६० टाके होतात, आणि त्यातले पहिल्या तीस फेऱ्यांत फक्त ५,५८०. पाव हिस्सा. खरं निम्मं बेचाळिसाव्या फेऱ्याच्या पुढेमागे येतं. काल ते आलं, तर त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बघणाऱ्याला ढाल आता रोज तेवढीच दिसते. सुरुवातीला दोन फेऱ्यांत केवढी मोठी व्हायची, आता संध्याकाळभर विणून बोटाएवढी वाढ.

चौकोनी पांघरूण तसं प्रामाणिक असतं. पहिली ओळ आणि शेवटची ओळ सारखीच लांब, राहिलेलं काम डोळ्यांना दिसतं. गोलाचं सगळं काम काठाशी दडलेलं असतं. शेवटचं लाल कडं एकटंच ९,५४० टाक्यांचं आहे, आणि शेवटचा फेरा ७२० चा. तो एक फेरा अर्ध्या तासात उरकत नाही. मला मात्र हा भाग आवडायला लागलाय. मोजायला फारसं उरत नाही, वाढी लांब लांब अंतरावर येतात, हात आपला चालत राहतो. आणि वर्तुळ मांडीवर एवढं मोठं झालंय की विणता विणता पाय उबदार राहतात.

रविवार, रात्र

शेवटचा टाका घातला. काठावर लालचाच मुक्या खांबांचा एक फेरा फिरवला, म्हणजे काठ ताणला जात नाही.

मग गादीवर अंथरून ताणायला घेतलं. मध्यात एक टाचणी, तिला ७५ सेंटीमीटरची दोरी, आणि दोरीचं टोक फिरवत फिरवत काठावर टाचण्या. चादरीवर पडलेलं लाल वर्तुळ एवढं नेमकं, की टाचण्या काढवेनात. अ‍ॅक्रिलिक नुसत्या पाण्याने आकार धरत नाही, त्याला वाफ लागते, आणि वाफ जास्त झाली की लोकर कायमची लिबलिबीत आणि चकचकीत होते. इस्त्री वर अधांतरी धरूनच फिरवली, टेकवली नाही.

चांदणीही शिवली. पाचही टोकं आपापल्या मार्करवर. टोकाचा शेवटचा टाका दोनदा घट्ट केला, कारण मूल पहिल्यांदा टोकच उचकटून बघणार.

सोमवार

गोल पांघरूण पांघरायला सोयीचं असतं का? खरं सांगायचं तर फारसं नाही. मोठ्या माणसाचे पाय बाहेरच राहतात. भाच्यापुरता हिशोब करून पाहिला. तो १२० सेंटीमीटरच्या आसपास आहे. मधोमध झोपला तर डोकं आणि पाय मध्यापासून साठ-साठ सेंटीमीटरवर, आणि तिथे पांघरुणाची रुंदी ९० भरते. म्हणजे आत्ता पुरतं. दोन-तीन वर्षांनी पुरणार नाही. चौकोनी असतं तर चारही बाजूंनी पट्टी जोडून वाढवलं असतं. ढालीला पाचवं कडं लावता येत नाही, लावलं तर ती कॅप्टनची राहत नाही. तेव्हा तो पांघरेल थोडा काळ, पुढे त्यावर बसेल, किंवा पाठीवर टाकून फिरेल. कॅप्टनही ढाल पाठीवरच अडकवतो.

वहिनीसाठी चिठ्ठी लिहिली: वहिनी, गार पाण्यात धुवा. पिळू नका. दोरीवर टाकू नका, ओली असताना स्वतःच्याच वजनाने लांबते आणि ढालीचं अंडं होतं. आडवी पसरून वाळवा.

बुधवार

दिलं. कागद फाडला, उलगडलं, जमिनीवर पसरलं, चांदणीवर उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पायपुसणं म्हणालीस ना?" विसरला नव्हता. पुढची पाच मिनिटं ती ढाल फेकता येते का हे तपासण्यात गेली. येत नाही.

मग उलटी केली. कडी सगळी दिसतात, लाल, पांढरी, लाल, निळी. पण मधे नुसता निळा गोल, आणि त्यावर माझ्या शिवणीचे पुसट टाके.

"आत्या, मागे चांदणी का नाही?"

दादा म्हणाला, ढालीच्या मागे कुठे चांदणी असते, मागे पट्टे असतात हात अडकवायला. बरोबर आहे त्याचं. पण हे पांघरूण आहे, आणि निम्म्या रात्री ते उलटंच अंगावर पडणार. शिवाय शिवणही झाकली जाईल. आता पट्टे की चांदणी यावर बापलेकांचा वाद चाललाय. पांढरी लोकर एक गुंडाभर उरलीय. मी चांदणी विणायला घेतलीय, त्यांचं काय ठरतं त्याची वाट न बघता.