आबाजींची नाडी

आज पहाटे आबाजींनी हाक मारली. "बाबू, छातीत पाखरू फडफडल्यावानी होऊन रायलं रे." मनगट धरलं तर एक ठोका चुकायचा, मग दोन घाईघाईनं. काल सांजेपासून धुऱ्यापलीकडे पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, ढीग जळत होते. वारा पडलेला, धूर सारा गावावर बसलेला.

तालुक्याला नेलं. ईसीजीत ठोके अनियमित निघाले. डॉक्टर मॅडमनी औषध दिलं आणि विचारलं, "घराजवळ धूर आहे का?" मी आजवर धूर म्हणजे खोकला आणि दमा एवढंच धरून होतो. त्या म्हणाल्या, एकट्या धुराला दोष देता येणार नाही, पण २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण फुप्फुसात पार खोल जातात. तिथल्या मज्जातंतूंना डिवचतात, दाह वाढवतात, आणि हृदयाची लय सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेचा तोल काही तासांतही ढळू शकतो. तरण्या माणसाला बहुतेकदा कळतही नाही. आबाजींचं हृदय आधीच थकलेलं.

आपल्याकडे या कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ सांगितली. आमच्या गावात मोजणार कोण? शहराच्या हवेची रोज बातमी होते, आमच्या हवेची होत नाही, याचं फार वाईट वाटतं.

संध्याकाळी शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. उरलेले दोन ढीग पेटवले नाहीत; म्हणाले, यंत्रानं बारीक करून वावरातच टाकू.

आबाजी आता झोपलेत. माझी बोटं अजून त्यांच्या मनगटावरच आहेत.